एका सर्व्हरवर अनेक अपाचे: पॅकेज अपडेटनंतर कॉन्फिग फाइल्स कशा सांभाळायच्या

महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात डेटा सेंटरं उभी राहिली, तशी त्यांच्या भोवतीने सर्व्हर सांभाळणारी लहान ऑफिसंही वाढली. कुणी घणसोलीत गाळा घेतला, कुणी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बसलं. अशा ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलामुलींना सुरुवातीलाच एक काम मिळतं: "हा सर्व्हर तेवढा अपडेट करून घे." काम दिसायला दोन कमांडचं आहे. त्या मशीनवर वेब सर्व्हरचे एकाहून जास्त इन्स्टन्स (एकाच प्रोग्रॅमच्या स्वतंत्रपणे चालणाऱ्या प्रती) चालत असतील, तर मात्र त्या दोन कमांडच्या आधी आणि नंतर बरंच काही करावं लागतं. ते काय, ते या लेखात क्रमाने सांगतो.

कमांडची नावं आणि फाइलींचे पत्ते इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते नेहमीच्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे.

सगळीकडे एकच उदाहरण घेऊ. समजा डेबियन या लिनक्सचं एक मशीन आहे आणि त्यावर अपाचे या वेब सर्व्हरचे तीन इन्स्टन्स आहेत. मुख्य इन्स्टन्सवर घोडबंदर रोडच्या एका हाउसिंग सोसायटीची साइट आहे. दुसरा 'बाजार': वाशीच्या भाजीपाला मार्केटमधल्या एका आडत्याची आवक, भाव आणि ऑर्डरींची नोंद. तिसरा 'क्लास': नौपाड्यातल्या कोचिंग क्लासचं पोर्टल. तिघांचे आयपी पत्ते वेगळे, युजर वेगळे, कॉन्फिग डिरेक्टरी वेगळ्या. अपाचेचा प्रोग्रॅम मात्र तिघांत मिळून एकच.

जाता जाता एक सांगतो. नुसत्या वेगळ्या साइट हव्या असतील तर इन्स्टन्स वाढवू नका, व्हर्च्युअल होस्ट (एकाच अपाचेत वेगवेगळ्या साइट मांडण्याची सोय) पुरतात. पीएचपीची आवृत्ती किंवा युजर वेगळा हवा असेल तर पीएचपी-एफपीएमचे (पीएचपी अपाचेबाहेर चालवणाऱ्या सेवेचे) वेगळे पूल ते काम जास्त सुटसुटीतपणे करतात. एक साइट रिस्टार्ट करताना दुसरीला धक्काही लागू नये, अशी खरी गरज असेल तरच इन्स्टन्स वेगळे करा. कारण प्रत्येक इन्स्टन्समागे खाली दिलेलं सगळं काम वाढतं.

फाइल कोणाच्या नावावर आहे, हे आधी ओळखा

डेबियन आणि उबुंटूमध्ये पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम, डीपीकेजी, प्रत्येक कॉन्फिग फाइलचा एमडी५ चेकसम (मजकुरावरून काढलेला ठसा) टिपून ठेवतं. अपडेट आलं की ते तीन गोष्टी ताडून बघतं: मागच्या पॅकेजबरोबर आलेली फाइल, आता डिस्कवर असलेली फाइल आणि नव्या पॅकेजमधली फाइल. तुम्ही फाइलीला हात लावला नसेल तर नवी फाइल न विचारता जुनीच्या जागी बसते. तुम्ही बदलली पण पॅकेजवाल्यांनी बदलली नाही, तर तुमची तशीच राहते. दोघांनीही बदलली असेल तरच तुम्हाला विचारलं जातं. आणि तुम्ही फाइल पुसून टाकली असेल, तर डीपीकेजी ती परत आणत नाही. (रेड हॅटच्या घराण्यात हे नेमकं उलटं होतं, त्याबद्दल पुढे.)

आता 'बाजार' इन्स्टन्सचं बघू. डेबियनच्या अपाचे पॅकेजबरोबर कागदपत्रांच्या डिरेक्टरीत, एक्झाम्पल्समध्ये, सेटअप-इन्स्टन्स नावाची स्क्रिप्ट येते. तिला 'बाजार' हे नाव दिलं की ती /ईटीसी/अपाचे२ ची पूर्ण नक्कल करून /ईटीसी/अपाचे२-बाजार बनवते. लॉगची वेगळी डिरेक्टरी करते आणि ए२एनमॉड-बाजार, ए२एनसाइट-बाजार, अपाचे२सीटीएल-बाजार अशा जोडकमांडही तयार करते. सोय उत्तम आहे. पण या नकलेची डीपीकेजीच्या दप्तरी नोंदच नाही. डीपीकेजी -एस (कॅपिटल एस) ला /ईटीसी/अपाचे२-बाजार/पोर्ट्स.कॉन्फ हा पत्ता देऊन बघा, असा पत्ता कुठल्याच पॅकेजमध्ये नाही असं उत्तर येईल. सातबाऱ्यावरच नाव नसेल तर तलाठी नोटीस कुणाला धाडणार?

नवशिक्यांना भीती असते ती अपडेट आपली फाइल बदलून टाकेल याची. मुख्य इन्स्टन्सपुरती ती खरी आहे. पण नकलेच्या डिरेक्टरीत धोका उलट्या बाजूने येतो: अपडेट तिथे पोचतच नाही. प्रोग्रॅम नवा, मॉड्यूल्स (अपाचेला जोडायचे भाग) नवी आणि कॉन्फिग मात्र दोन वर्षांपूर्वीची. मुख्य फाइल बदलली तर निदान स्क्रीनवर प्रश्न तरी येतो. नकलेबद्दल कुणीच काही विचारत नाही, म्हणून मी त्या धोक्याला जास्त वजन देतो.

पायरी १: अपडेटआधीची स्थिती कागदावर घ्या

प्रत्येक इन्स्टन्ससाठी तीन गोष्टी एकेका फाइलीत साठवा. एसएस -टीएलएनपी ने कोणती प्रोसेस कोणत्या आयपीवर आणि पोर्टवर ऐकते आहे ते कळतं. अपाचे२सीटीएल -एस (कॅपिटल एस) ने कोणते व्हर्च्युअल होस्ट कुठल्या फाइलीतून आले ते कळतं. अपाचे२सीटीएल -एम (कॅपिटल एम) ने लोड झालेल्या मॉड्यूल्सची यादी मिळते. 'बाजार'साठी हेच अपाचे२सीटीएल-बाजार वापरून करायचं. अपडेटनंतर याच कमांड पुन्हा चालवून जुन्या आउटपुटशी डिफ करायचा, म्हणजे ओळीओळीने फरक काढायचा. आधीची स्थिती लिहून ठेवलेली नसेल, तर नंतर "हे मॉड्यूल आधी होतं का?" या प्रश्नाला आठवणीशिवाय दुसरा आधार उरत नाही.

मग मुख्य डिरेक्टरीतल्या कोणत्या फाइली मूळ पॅकेजपेक्षा वेगळ्या आहेत ते बघा. डीपीकेजी -व्ही अपाचे२ (कॅपिटल व्ही) ही कमांड ते सांगते, डेबसम्स -सीई सुद्धा चालतं. यादीत तुमच्या ओळखीच्या दोन-तीन फाइली असतील तर ठीक. ओळखीची नसलेली फाइल दिसली, तर ती कुणी आणि का बदलली हे विचारून घ्या आणि मगच पुढे जा.

पीएचपी.आयएनआय या यादीत दिसणार नाही. डेबियनमध्ये ती यूसीएफ नावाच्या वेगळ्या यंत्रणेकडे असते. तिने मागे ठेवलेल्या फाइलींच्या शेवटी .यूसीएफ-डिस्ट किंवा .यूसीएफ-ओल्ड असतं.

पायरी २: ईटीसी गिटमध्ये ठेवा

ईटीसीकीपर बसवा. ते /ईटीसी डिरेक्टरीतल्या बदलांचा इतिहास गिटमध्ये ठेवतं. अपडेटच्या आधी आणि नंतर ते आपणहून कमिट करतं, म्हणजे तेव्हाची स्थिती नोंदवतं, त्यामुळे काय बदललं हे गिट डिफमध्ये ओळीओळीने दिसतं. नकलेच्या डिरेक्टरीही ईटीसीतच असल्याने त्याही यात येतात. एवढ्या कमी कष्टात एवढी सोय देणारं दुसरं साधन मला माहीत नाही. फक्त या गिटमध्ये एसएसएलच्या खासगी किल्ल्याही जातात. ते रिपॉझिटरी बाहेरच्या कुठल्याही सेवेवर ढकलू नका आणि मशीनवरही रूटशिवाय कुणाला वाचता येणार नाही असंच ठेवा.

पायरी ३: वेळ गिऱ्हाइकाची बघा

पुस्तकी सल्ला असतो, अपडेट रात्री करा. सोसायटीच्या साइटला तो चालेल. भाजी मार्केटला चालणार नाही: तिथे पहाटेच गाड्या लागलेल्या असतात आणि आडत्याच्या गाळ्यावरची माणसं मोबाइलवर आवक भरत असतात. त्यांच्यासाठी दुपार रिकामी. क्लासला मात्र संध्याकाळ नको. तिघांना चालेल अशी वेळ दुपारी जेवणानंतरचीच निघते.

याच ठिकाणी एक गोष्ट नक्की तपासा. डेबियन-उबुंटूत आपोआप अपडेट करणारा एपीटी-डेली-अपग्रेड टायमर मूळ सेटिंगमध्ये सकाळी ६ ला आणि त्यापुढच्या तासाभरात कधीही चालतो. सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर असेल तर हा भाजी मार्केटचा ऐन धंद्याचा वेळ. घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) असेल, आणि भाड्याच्या मशीनवर ते बहुधा तसंच असतं, तर ६ म्हणजे आपल्याकडचे सकाळचे ११:३०. टाइमडेटसीटीएल चालवून बघा आणि टायमरची वेळ आपल्या गिऱ्हाइकाप्रमाणे बदला. बदल सिस्टीमसीटीएल एडिट ने करायचा, मूळ फाइलीत हात घालून नाही.

तो नियम सर्व्हिस फाइलींनाही लागू आहे. /लिब/सिस्टीमडी/सिस्टीम मधल्या युनिट फाइली कॉन्फिग म्हणून नोंदलेल्याच नसतात. तिथे केलेला बदल पुढच्या अपडेटला विनाप्रश्न पुसला जातो. सिस्टीमसीटीएल एडिट तुमचा बदल /ईटीसी/सिस्टीमडी/सिस्टीम खाली वेगळ्या ओव्हरराइड फाइलीत ठेवतं, तो टिकतो. त्यात एक्झेकस्टार्ट बदलायचं असेल तर आधी रिकामी 'एक्झेकस्टार्ट=' ओळ द्यावी लागते आणि नवी ओळ त्याखाली, नाहीतर सिस्टीमडी दोन एक्झेकस्टार्ट आहेत म्हणून युनिट नाकारतं. कुठे काय ओव्हरराइड केलेलं आहे ते सिस्टीमडी-डेल्टा दाखवतं.

पायरी ४: काय येणार आहे ते आधी उघडून बघा

एपीटी-गेट -एस अपग्रेड ही कमांड काहीही न बसवता फक्त यादी दाखवते. यादीत अपाचे, पीएचपी, ओपनएसएसएल यांपैकी काही असेल तर थांबा. एपीटी-गेट डाउनलोड अपाचे२ ने नवं पॅकेज नुसतं उतरवून घ्या आणि डीपीकेजी-डेब -एक्स ने ते /टीएमपी मधल्या एखाद्या डिरेक्टरीत उलगडा. आता नव्या आवृत्तीच्या मूळ कॉन्फिग फाइली तुमच्यासमोर आहेत. त्यांचा मुख्य डिरेक्टरीशी डिफ -आर करा, मग प्रत्येक नकलेशी करा.

पहिल्यांदा हा डिफ लांबलचक दिसेल. घाबरू नका. तुमचे स्वतःचे बदल त्यात असणारच. बघायचं ते हे, की पॅकेजच्या बाजूने नवीन काय आलं: सुरक्षेसाठी वाढवलेली एखादी ओळ, बदललेलं डीफॉल्ट, काढून टाकलेलं मॉड्यूल.

अशी एखादी ओळ किती मोलाची असते ते २०२१ मध्ये दिसलं. अपाचे २.४.४९ मध्ये डिरेक्टरीबाहेरच्या फाइली वाचता येण्याचा दोष निघाला, त्याचा नोंदक्रमांक सीव्हीई-२०२१-४१७७३. २.४.५० मधली दुरुस्ती अपुरी ठरली आणि २.४.५१ काढावी लागली. ज्यांच्या कॉन्फिगमध्ये मूळ डिरेक्टरीसाठी 'रिक्वायर ऑल डिनाइड' ही नेहमीची ओळ शाबूत होती, त्यांच्या त्या बाहेरच्या फाइलींना तिने आडोसा दिला. कुणीतरी "साइट चालत नाही" म्हणून ती ओळ काढली होती, त्यांच्या फाइली उघड्या पडल्या. तुमच्या तिन्ही डिरेक्टरींत ती ओळ आहे का, ते आजच बघून घ्या.

पायरी ५: स्क्रीनवर प्रश्न आला की

अपडेट चालू असताना डीपीकेजी थांबतं आणि विचारतं, ही फाइल तुम्ही बदललेली आहे, पॅकेजवाल्यांनीही नवी दिली आहे, काय करू? वाय किंवा आय म्हणजे नवी बसव. एन किंवा ओ म्हणजे माझीच ठेव. डी म्हणजे फरक दाखव. झेड म्हणजे मला शेल दे, मी बघून येतो. नुसतं एंटर दाबलं तर तुमची राहते.

आधी डी दाबा. दरवेळी. फरक वाचल्यावरच ठरवा.

मल्टि-इन्स्टन्स मशीनवर वाय दाबण्याचा परिणाम दुसऱ्याच इन्स्टन्सवर कसा होतो, ते पोर्ट्स.कॉन्फच्या उदाहरणाने बघू. मुख्य इन्स्टन्सच्या फाइलीत तुम्ही 'लिसन' पुढे त्याचा स्वतःचा आयपी आणि ८० लिहिलेलं आहे. 'बाजार' दुसऱ्या आयपीच्या ८० वर आहे. वाय दाबल्यावर मूळ फाइल येते आणि तिच्यात नुसतं 'लिसन ८०' असतं, म्हणजे मशीनवरचे सगळे आयपी. अपडेट संपताना मुख्य अपाचे रिस्टार्ट होतं, त्याला सगळे पत्ते हवे असतात, पण एकावर 'बाजार' आधीच बसलेला असतो. एरर लॉगमध्ये एएच०००७२ ही खूण आणि पत्ता आधीच वापरात असल्याचा निरोप येतो, सोसायटीची साइट बंद पडते. मशीन रीबूट झालं तर आणखी विचित्र होतं. जो आधी उठेल तो पोर्ट धरतो. म्हणजे सोमवारी सोसायटी बंद आणि पुढच्या रीबूटला बाजार बंद, कॉन्फिग तीच असूनही. कॉन्फिगटेस्ट यात काही कामाचं नाही, कारण ते फक्त लिखाणाची रचना तपासतं, पोर्ट मोकळं आहे का ते बघत नाही.

म्हणून शंका असेल तर एन. तुमची फाइल राहते आणि नवी तिच्याशेजारी .डीपीकेजी-डिस्ट या शेपटासह ठेवली जाते. वाय दाबलंत तर तुमची जुनी .डीपीकेजी-ओल्ड म्हणून राहते. दोन्हीकडे परतीची वाट असते. पण एन दाबून विसरून जाणं हेही बरोबर नाही: नव्या फाइलीतल्या कामाच्या ओळी हाताने आपल्या फाइलीत आणा आणि मगच ती .डीपीकेजी-डिस्ट पुसा. कुठे काय पडून राहिलंय ते /ईटीसीमध्ये फाइंड चालवून शोधता येतं.

खरा उपाय मात्र हा प्रश्नच येऊ न देण्याचा. आपल्या सेटिंग्ज पॅकेजच्या फाइलीत लिहू नका. कॉन्फ-अव्हेलेबल मध्ये स्वतःच्या नावाची फाइल बनवा, ए२एनकॉन्फ ने ती चालू करा. मूळ अपाचे२.कॉन्फ जेवढी कोरी राहील तेवढे पुढचे अपडेट शांतपणे होतील. पोर्ट्स.कॉन्फसारख्या एक-दोन फाइलींना हात लावावाच लागतो, तेवढ्या लक्षात ठेवायच्या.

एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. अपाचे साइट्स-एनेबल्डमधल्या फक्त .कॉन्फ शेवटाच्या फाइली वाचतं. डेबियनचं एनजिनएक्स त्या डिरेक्टरीतली प्रत्येक फाइल वाचतं. बदल करण्याआधी तिथेच 'बॅकअप' नावाने नक्कल ठेवलीत तर तीही चालू होते. बॅकअप दुसरीकडे ठेवा.

पायरी ६: नकलेच्या डिरेक्टरी हाताने पुढे आणा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा वगळली जाते.

डेबियन ११ वरून १२ वर गेलात की पीएचपी ७.४ च्या जागी ८.२ येतं. नव्या मॉड्यूलच्या पीएचपी८.२.लोड आणि .कॉन्फ या फाइली मुख्य डिरेक्टरीच्या मॉड्स-अव्हेलेबलमध्ये पडतात. 'बाजार'च्या डिरेक्टरीत त्या येतच नाहीत. तिथे अजून पीएचपी७.४.लोड आहे आणि त्यातली ओळ लिबपीएचपी७.४.एसओ कडे बोट दाखवते. पुढे कुणीतरी ऑटोरिमूव्ह (गरज न उरलेली पॅकेजं काढणारी कमांड) चालवतं आणि ती फाइल डिस्कवरून जाते.

तरीही 'बाजार' लगेच पडत नाही. चालू प्रोसेसने मॉड्यूल आधीच मेमरीत घेतलेलं असतं, म्हणून भाव दिसत राहतात, ऑर्डरी येत राहतात. रीलोड (प्रोसेस चालू ठेवून कॉन्फिग पुन्हा वाचणं) करायला गेलं तर अपाचेसीटीएल आधी कॉन्फिग तपासतं आणि चूक सांगून मागे फिरतं, जुनी प्रोसेस तशीच चालू. मग काही आठवड्यांनी मशीन रीबूट होतं आणि 'बाजार' उठत नाही. तेव्हा सगळे रीबूटला दोष देतात, अपडेटची कुणाला आठवणही नसते.

दुरुस्ती अशी. मुख्य डिरेक्टरीतल्या पीएचपी८.२ च्या दोन्ही फाइली 'बाजार'च्या मॉड्स-अव्हेलेबलमध्ये कॉपी करा. ए२डिसमॉड-बाजार पीएचपी७.४ चालवा, मग ए२एनमॉड-बाजार पीएचपी८.२. मग अपाचे२सीटीएल-बाजार कॉन्फिगटेस्ट. हेच 'क्लास'साठी पुन्हा.

इथे कॉन्फिगटेस्ट पास झालं तरी थांबू नका. पीएचपी ८ पासून मॉड्यूलचं नाव बदललं: आधी मॉड_पीएचपी७.सी होतं, आता नुसतं मॉड_पीएचपी.सी. तुमच्या व्हर्च्युअल होस्टमध्ये 'इफमॉड्यूल मॉड_पीएचपी७.सी' असा ब्लॉक असेल, तर तो आता कधीच खरा ठरत नाही. त्यातल्या सगळ्या सेटिंग्ज निमूटपणे गळून पडतात. चूक नाही, इशारा नाही, लॉगमध्ये ओळ नाही. ग्रेप -आर ने तिन्ही डिरेक्टरींत 'पीएचपी७' शोधा.

त्याच्याच जोडीला पीएचपी.आयएनआय. ८.२ ची आयएनआय नव्या डिरेक्टरीत, मूळ किमतींसह येते. अपलोडची मर्यादा २ एमबी, पोस्टची ८ एमबी. जुन्या आयएनआयमध्ये तुम्ही त्या वाढवल्या होत्या, त्या तिथेच राहिल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींना सर्वसाधारण सभेचं स्कॅन केलेलं इतिवृत्त चढवता येत नाही, क्लासच्या सरांना नोट्स चढवता येत नाहीत. आणि मॉड-पीएचपीची आयएनआय तिन्ही इन्स्टन्सना सामायिक असते, म्हणून एकाच वेळी तिघांचे फोन येतात. अशा मर्यादा आयएनआयमध्ये न ठेवता ज्या त्या व्हर्च्युअल होस्टमध्ये लिहिल्या तर त्या साइटबरोबर राहतात.

रेड हॅटच्या घराण्यात चित्र उलटं

अल्मा, रॉकी किंवा रेड हॅटवर एचटीटीपीडी@ या टेम्पलेट सर्व्हिसने इन्स्टन्स चालवतात. एचटीटीपीडी@बाजार म्हटलं की ते कॉन्फ डिरेक्टरीतली बाजार.कॉन्फ वाचतं. बरेच जण मुख्य एचटीटीपीडी.कॉन्फचीच नक्कल करून ती बनवतात आणि तिच्या शेवटची, कॉन्फ.डी मधल्या सगळ्या .कॉन्फ फाइली ओढून घेणारी ओळ तशीच राहू देतात. म्हणजे डेबियनवर नकलेपर्यंत काही पोचत नव्हतं, इथे एका पॅकेजने टाकलेली फाइल तिन्ही इन्स्टन्सना एकदम लागू होते. उद्या कुणी मॉड_एसएसएल बसवलं की कॉन्फ.डी मध्ये 'लिसन ४४३' असलेली एसएसएल.कॉन्फ येते. तिन्ही इन्स्टन्स ४४३ मागायला लागतात आणि एकालाच मिळतं. इन्स्टन्सच्या फाइलीत कॉन्फ.डी ऐवजी त्याची स्वतःची डिरेक्टरी ओढा.

आरपीएममध्ये (डीपीकेजीच्या जागी रेड हॅटकडे हे असतं) पुसलेली कॉन्फिग फाइल पुढच्या अपडेटला परत येते. वेलकम.कॉन्फ किंवा एसएसएल.कॉन्फ नको असेल तर पुसू नका. तिच्या सगळ्या ओळी कॉमेंट करा आणि फाइल जागेवर राहू द्या. तुम्ही बदललेल्या फाइलींबाबत आरपीएम अपडेटमध्ये थांबून विचारत नाही. पॅकेजने फाइलीला 'नोरिप्लेस' म्हटलं असेल तर तुमची राहते आणि नवी .आरपीएमन्यू म्हणून शेजारी येते. तसं म्हटलं नसेल तर नवी बसते आणि तुमची .आरपीएमसेव्ह होते. अपडेटनंतर या दोन शेपटांचा शोध घ्या. आरपीएमकॉन्फ -ए एकेक फाइल दाखवून निर्णय विचारतं. काय बदललं आहे ते आरपीएम -व्ही (कॅपिटल) सांगतं, त्यात ओळीच्या मधलं 'सी' म्हणजे ती कॉन्फिग फाइल.

पायरी ७: एकेक करून रिस्टार्ट

आधी तिन्हींचं कॉन्फिगटेस्ट. मग सगळ्यात कमी वर्दळीचा इन्स्टन्स रिस्टार्ट करा, ब्राउझरमध्ये उघडून बघा, लॉगिन करा, एखादी फाइल चढवा. तो नीट असेल तरच पुढचा. रीलोडवर भागवू नका, कारण त्यात मूळ प्रोसेस जुनीच राहते आणि तुम्ही बसवलेली सुरक्षेची दुरुस्ती चालूच होत नाही. प्रत्येक इन्स्टन्सच्या मूळ प्रोसेसचा /प्रॉक खालचा एक्झे दुवा बघा. तिथे 'डिलीटेड' लिहून येत असेल तर ती प्रोसेस अजून जुन्या प्रोग्रॅमवर आहे. लायब्ररीपुरतं हेच नीडरिस्टार्ट सांगतं.

मग पायरी १ मधल्या कमांड पुन्हा चालवा आणि डिफ बघा.

कॉन्फिग जशीच्या तशी असूनही वागणं बदलू शकतं, हे ध्यानात असू द्या. २०२५ च्या जुलैमध्ये आलेल्या अपाचे २.४.६४ ने आणि त्याच सुमारास जुन्या आवृत्त्यांना मिळालेल्या सुरक्षा दुरुस्तीने एसएसएल जोडणीचे नियम कडक केले. पुढे एनजिनएक्स आणि मागे एचटीटीपीएसवर अपाचे अशी रचना असलेल्या बऱ्याच ठिकाणी ४२१ ही चूक येऊ लागली, कारण एनजिनएक्स मागच्या अपाचेला सर्व्हरचं नाव कळवत नव्हतं. उपाय अपाचेत नव्हता, एनजिनएक्समध्ये होता: प्रॉक्सी_एसएसएल_सर्व्हर_नेम ऑन आणि प्रॉक्सी_एसएसएल_नेम मध्ये होस्टचं नाव. म्हणून तपासणी करताना गिऱ्हाइकाच्या वाटेनेच जा, म्हणजे पुढच्या प्रॉक्सीमधून. सर्व्हरवर बसून लोकलहोस्टला कर्ल मारल्याने अशा गोष्टी दिसत नाहीत.

आपोआप अपडेट चालू असतील तर

अनअटेंडेड-अपग्रेड्स मूळ सेटिंगमध्ये असं वागतं, की एखाद्या पॅकेजसाठी कॉन्फिगचा प्रश्न येणार असेल तर ते पॅकेज बसवतच नाही, बाजूला ठेवतं. बाकी सगळं अपडेट होत राहतं, म्हणून सर्व्हर ताजा दिसतो आणि नेमकं अपाचेच महिनोन्‌महिने मागे राहतं. /व्हार/लॉग मधल्या अनअटेंडेड-अपग्रेड्सच्या लॉगमध्ये 'कॉन्फफाइल प्रॉम्प्ट' शोधा. डेबियन_फ्रंटएंड नॉनइंटरॅक्टिव्ह ठेवल्याने हा प्रश्न टळतो असा समज आहे, तो चुकीचा आहे: ते डेबकॉन्फच्या (पॅकेज बसताना सेटिंग विचारणाऱ्या यंत्रणेच्या) प्रश्नांपुरतं असतं. डीपीकेजीच्या प्रश्नासाठी फोर्स-कॉन्फडेफ आणि फोर्स-कॉन्फओल्ड हे पर्याय एपीटीच्या सेटिंगमध्ये द्यावे लागतात. मग तुमची फाइल राखून अपडेट होतं. पण .डीपीकेजी-डिस्ट फाइली साचत जातात, त्या आठवड्यातून एकदा बघायचं काम कुणाच्या तरी नावावर लावा.

एपीटी-मार्क होल्ड लावून अपाचे गोठवून ठेवण्याचा मोह बऱ्याच ठिकाणी दिसतो. इंटरनेटसमोर उघडा असलेला वेब सर्व्हर गोठवणं मला मान्य नाही. रिलीज अपग्रेड चालू असेपर्यंत, एक-दोन दिवसांसाठी लावा हवं तर, आणि काढायची तारीख टिकिटात लिहा. एपीटी-मार्क शोहोल्ड ने आधी कुणी लावून ठेवलाय का तेही बघा.

टॉमकॅट (जावाच्या साइट चालवणारा सर्व्हर) सांभाळणाऱ्यांना यातलं बरंच लागू पडतं. तिथे कॅटालिना_होम म्हणजे पॅकेजचं घर आणि कॅटालिना_बेस म्हणजे इन्स्टन्सचं. बेसमधली सर्व्हर.एक्सएमएल अपडेटला दिसत नाही, म्हणून मुख्य आवृत्ती बदलली की तिचा नव्या मूळ फाइलीशी डिफ तुम्हालाच करायचा आहे.

काम संपलं की ईटीसीकीपर कमिट हाताने चालवा आणि संदेशात तीन गोष्टी लिहा: कोणतं पॅकेज कुठून कुठे गेलं, कोणत्या फाइलीसाठी वाय दाबलं आणि कोणत्या नकलेत काय हाताने आणलं. पुढच्या वेळी ही शिफ्ट दुसऱ्या कुणाची असेल, तर त्याला गिट लॉगमधून सगळं मिळेल.